तारेच्या टोकाशी

कर्जतच्या बाजारातलं इलेक्ट्रिकचं दुकान. सकाळचे नऊ. शटर अर्धंच वर गेलंय, तरी काउंटरला पाच-सहा माणसं टेकलेली. मे संपत आलाय. पाऊस दोन आठवड्यांवर आहे, आणि एकदा लागला की इथं तीन हजार मिलिमीटर ओतल्याशिवाय थांबत नाही. वर्षभर टाळलेली कामं लोकांना एकाच आठवड्यात आठवलीत. कुणाला मोटारीचा स्टार्टर हवाय, कुणाला अर्थिंगची पट्टी. एकाच्या हातात जळलेल्या केबलचा तुकडा आहे. तो काही बोलत नाही, नुसता पुढं करतो.

दुकानदार तुकडा उजेडात धरतो. "सत्तर स्क्वेअर."

मागच्या भिंतीला लाकडी खणांचं कपाट. खणांवर मार्करनं आकडे टाकलेत : १६, २५, ३५, ५०, ७०, ९५, १२०. आकडा तारेच्या छेदाचा, चौरस मिलिमीटरमध्ये. आत लग. जुने वायरमन थिंबल म्हणतात. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला चपटी जीभ, जिभेला बोल्टचं भोक. तार नळीत जाते, नळी दाबली जाते, जीभ बोल्टनं आवळली जाते. एवढंच काम. तांब्याचे लग वेगळ्या खणात आहेत, पण रंगावर जाऊ नये. त्यांना कथिलाचा मुलामा असतो, तेही पांढरेच दिसतात. तळहातावर घेतले की कळतं, तांबं जड.

तळाच्या खणात बायमेटल. नळी ॲल्युमिनियमची, जीभ तांब्याची, मधला सांधा कारखान्यात घर्षणानं जोडलेला. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडायची तर खरं म्हणजे हाच हवा. दोन धातू उघड्यावर एकमेकांना टेकले आणि मधे पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. कर्जतमध्ये चार महिने पाण्याला तोटा नाही. तरी हा खण क्वचितच उघडतो. किंमत ऐकून गिऱ्हाईक साध्या लगकडे वळतं.

राजनाल्याकडचा एक शेतकरी सत्तरचा लग उलटसुलट करून बघतोय. "पन्नासचा नाय का चालनार? घरी पडलाय एक. चार-सहा तारा छाटतो नि घालतो."

"छाटायच्याच होत्या तर सत्तरची केबल कशाला घेतलीस, बाबा?" दुकानदार वहीतून मान वर न करता विचारतो.

दुकानात हशा होतो. शेतकरीही हसतो, आणि सत्तरचा लग घेतो.

कशेळ्याच्या रस्त्याला लागलं की ऊन खरं भेटतं. वायरमनच्या हेल्परच्या बाईकवर मागं हायड्रॉलिक टूलची लोखंडी पेटी बांधलीय. ती खड्ड्यागणिक वाजते. रस्त्याच्या कडेनं कालव्याचं पाणी. भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं. तिथं टर्बाईन फिरवून झालं की पाणी पेज नदीत उतरतं, आणि पुढं राजनाल्यानं शेतात येतं. या पट्ट्यात उन्हाळी भात होतो तो त्यामुळं. त्या काळात वीज मुंबईकडं गेली, पाणी मात्र कर्जतच्या वाट्याला आलं. आता खाचरं मोकळी झालीत, बांधावर पेंढा रचलाय. डांबरावरून हवा थरथरतेय. वळणावर दोन ठाकर बाया करवंदांचे वाटे मांडून बसल्यात.

गावाच्या तोंडाशी डीपी. दोन खांब, वर ट्रान्सफॉर्मर, खाली पत्र्याची पेटी. पेटीला दार आहे, दाराला कडी नाही, वायरनं बांधलंय. भोवती घाणेरीची झुडपं. वायरमन आधीच येऊन जांभळाखाली बसलेत. पन्नाशी ओलांडलेले. गाव त्यांना काका म्हणतं.

आज मेंटेनन्स. लाईट नऊलाच गेलीय. पण लाईट गेलीय म्हणजे परमिट मिळालंय असं नव्हे. सबस्टेशनच्या ऑपरेटरनं फीडर बंद केला, त्याची नोंद झाली, परमिट काकांच्या नावावर निघालं, तेव्हा कुठं पेटीला हात लावायचा. मधल्या वेळात गेलेली लाईट कुणीही, कुठूनही परत आणू शकतं. म्हणून बसायचं. हेल्पर पोरगा उठून पेटीकडं निघतो. काका नुसतं बघतात. तो परत येऊन बसतो.

साडेदहा. पावणेअकरा. पाण्याची बाटली कोमट झालीय. फोन वाजतो. काका वेळ आणि परमिटचा नंबर डायरीत लिहितात, ऑपरेटरला वाचून दाखवतात, त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतात.

मग हालचालींना वेग येतो. एबी स्विचचं हँडल खाली. वर तिन्ही पाती उघडलेली डोळ्यांनी दिसली पाहिजेत. काका कपाळावर हात धरून तिन्ही मोजतात. हँडलला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात. डिस्चार्ज रॉड आधी जमिनीतल्या अर्थिंगला जोडायचा, मग एकेका तारेला लावायचा. उलट क्रम चालत नाही.

"झालं?" मी विचारतो.

"अर्धं झालं. खालून कोण सोडंल त्याचं काय?"

खालून म्हणजे घरांच्या बाजूनं. या रस्त्याला फार्महाऊसं वाढलीत, आणि प्रत्येकाच्या मागं जनरेटर. चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नसला तर एखाद्या बंगल्याचा जनरेटर चुकून लाईनवर येतो. तोच ट्रान्सफॉर्मर मग उलटा चालतो, आणि २३० व्होल्टचे वर ११ हजार होतात. म्हणून काका खालच्या बाजूच्या तिन्ही फेज आणि न्यूट्रलही एकत्र बांधून अर्थ करतात. रबरी हातमोजे घातलेले. कोपरापर्यंत घाम.

पेटीचं दार उघडतं. पहिला येतो तो वास. जळलेल्या प्लास्टिकचा, जुना, मुरलेला. पिवळ्या फेजचा लग काळा पडलाय. केबलचं इन्सुलेशन वीतभर कडक झालंय, नखानं तुकडे पडतात. लगच्या नळीवर दोन खोलगट वण आहेत : कधीतरी कुणीतरी छिन्नी ठेवून हातोडा मारलाय. पोरगा लग धरून ओढतो. तो तारेवरून सहज निघून हातात येतो. इतके दिवस तो नुसता टेकलेला होता.

ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर पाटी आहे. काका फडक्यानं पुसतात आणि बोट ठेवतात. १०० केव्हीए. वरच्या बाजूला ११००० व्होल्ट, ५.२५ अँपिअर. खालच्या बाजूला ४३३ व्होल्ट, १३३.३ अँपिअर. म्हणजे पुऱ्या लोडला या एका लगमधून १३३ अँपिअर जायचे. त्या जोडात एक मिलिओहम, एका ओहमचा हजारावा भाग, इतका अडथळा शिल्लक राहिला तरी तिथं जवळपास १८ वॅट उष्णता सतत निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्यावरच तापतं. चांगल्या जोडात अडथळा याच्या कित्येक पट कमी असतो. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

जोड एका दिवसात जळत नाही. संध्याकाळी लोड येतो, धातू तापून फुगतो. मध्यरात्री लोड उतरतो, धातू आकसतो. ॲल्युमिनियम तांब्याच्या मानानं एक तृतीयांश जास्त फुगतं, आणि मऊ असल्यानं दाबाखाली हळूहळू सरकतं. रोज केसभर ढिलाई. ढिलाईत हवा शिरते, पावसाळ्यात ओल शिरते. मे महिन्यात हातोड्यानं बसवलेला लग मे महिन्यात काही बोलत नाही.

पोरगा केबलचं जळकं टोक कापून टाकतो, चांगली चमकदार तार लागेपर्यंत. केबल बसवणाऱ्यानं मागं एक वेढा राखून ठेवलाय, म्हणून आज पुरते. लग शेजारी धरून तो नळीच्या खोलीइतकी खूण करतो, वर दोन-तीन मिलिमीटर सोडतो. सुरी गोल फिरते.

"तारेला लावू नको. ओरखडा पडला की तिथंच तुटते ती."

इन्सुलेशनची टोपी निघते. आत १९ तारा : मधे एक, भोवती सहा, त्यांच्या भोवती बारा. लखलखीत. ही लखलख फसवी आहे. ॲल्युमिनियम हवेला उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. दिसत नाही, पण वीज अडवतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पापुद्र्याला २०००च्या वर लागतात. धातू ओघळून गेला तरी पापुद्रा टिकतो. तो घालवायचा तर खरवडायचाच.

तारेचा ब्रश. पोरगा टोक फिरवत फिरवत घासतो, करडी भुकटी पडते. काकांनी पेस्टची डबी उघडून ठेवलीय. घासून झालं की त्याच दमात पेस्ट. तिच्यात जस्ताचे कण असतात. दाब आला की ते उरलासुरला पापुद्रा फोडतात, आणि ग्रीस हवापाण्याला आत येऊ देत नाही. पोरगा मधेच कपाळ पुसायला थांबतो.

"थांबू नको रे. घाम नंतर पूस."

तार नळीत जाते. तळाला टेकेपर्यंत, किंचित पिळत. एकही तार बाहेर दुमडलेली नाही, हे काका चष्मा वर करून बघतात.

टूल १२ टनी. डोक्यात दोन अर्धे डाय, दोन्हींवर ७० कोरलेलं. लगवर ७०. केबलच्या सालीवर ७०. काका तिन्ही आकडे मोठ्यानं वाचतात. शेजारी उभ्या पोरांना गंमत वाटते, तीही वाचतात : सत्तर, सत्तर, सत्तर.

पहिला दाब जिभेच्या बाजूला. धातू दबला की बाहेर पळतो. त्याला पळायला केबलकडची उघडी बाजू मोकळी ठेवायची. पोरगा हँडल हापसायला लागतो. सुरुवातीला हलकं जातं. मग डाय नळीला टेकतात आणि हँडल जड होत जातं. पाय रोवले जातात. मनगटावरची शीर वर येते. डायच्या दोन अर्ध्यांमधली फट बारीक होते, आणखी बारीक होते, मिटते. टक्. तो थांबत नाही, एकदा आणखी दाबून बघतो. मग व्हॉल्व्ह सोडतो. डाय उघडतात.

गोल नळीचा तिथं षटकोन झालाय. सहा सपाट बाजू, कडा नीट, मधे ७०चा ठसा उमटलाय. आतल्या १९ तारा आता सुट्या राहिलेल्या नाहीत. एकमेकींच्या फटींत शिरून त्यांचा एकच गठ्ठा झालाय. दुसरा दाब शेजारी, थोडी जागा सोडून. नळीच्या तोंडाशी करडी पेस्ट बाहेर आलीय. काका ती बोटानं निपटून घेतात. षटकोनाच्या कडांवरून अंगठा फिरवतात. डाय लहान पडला असता तर दोन्ही बाजूंना पातळ पंख फुटले असते, आत तारा चिरडल्या असत्या. मोठा पडला असता तर वरून सगळं छान दिसलं असतं. त्याचीच भीती जास्त.

मग काका लग पकडून स्वतःचं वजन टाकून ओढतात.

ऊन डोक्यावर आलंय. पलीकडं पिठाची गिरणी. गिरणीपुढं रांग आहे, पण डब्यांची. स्टीलचे डबे, तेलाचे डबे, एक प्लास्टिकची बादली, झाकणाला खडूनं नाव. डबे उन्हात, माणसं सावलीला. तांदळाचं दळण बहुतेकांचं. शेजारी मसाल्याचा डंक. मे महिना म्हणजे वर्षाच्या मसाल्याचा. भाजलेल्या मिरच्यांचं गाठोडं उघडून बसलेल्या म्हातारीभोवती सगळे शिंकतायत. किराणा दुकानाच्या फ्रीजरवर गोणपाट टाकलंय. दुकानदार कुणालाही झाकण उघडू देत नाही.

"काका, कवा येनार लाईट?"

"येते. चौथं टोक ऱ्हायलंय."

चौथं टोक न्यूट्रलचं. ते करताना काका पोराला बाजूला करून स्वतः ब्रश घेतात. एक फेज सुटली तर त्या फेजवरची घरं अंधारात जातात, लोक बोंब मारतात, काम होतं. न्यूट्रल ढिला झाला तर आधी कुणाला काही कळत नाही. कुठल्या घरात व्होल्टेज पडतं, कुठल्या घरात २३० चे साडेतीनशे-चारशेकडं चढतात. दिवे आधी भगभगतात, मग फुटतात. टीव्ही जातो, फ्रीज जातो. आणि दोष पेटीतल्या एका बोल्टचा असतो. बोल्टला साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. लगच्या जिभा पट्टीला सपाट बसतायत का, बघायचं. लाल, पिवळी, निळी चिकटपट्टी ज्याच्या त्याच्या केबलला. लाल-पिवळीची अदलाबदल झाली तर गिरणी उलटी फिरेल.

बांधलेलं सगळं सोडायचं, उलट क्रमानं. हत्यारं मोजायची, एक पाना पेटीत राहिला तर संपलं. कुलूप निघतं. फोन. परमिट परत. पुन्हा वाट बघणं.

दीडला गिरणीचा पट्टा फडफडतो. डंक धडधडायला लागतो. रांगेतली माणसं आपापल्या डब्याकडं धावतात, आणि कुणाचा डबा कुणाच्या पुढं होता यावरून दोन बायांचं जुंपतं.

काका निघत नाहीत. लोड चढू द्यायचा. अर्ध्या तासानं टाँग टेस्टर एकेका केबलला लावून अँपिअर बघतात, इन्फ्रारेड थर्मामीटर एकेका लगवर धरतात. नुसत्या अंशांवरून काही कळत नाही, उन्हात पेटीचा पत्राच तापलेला. तिघांची तुलना करायची. सारखा करंट असून एकच लग गरम असेल तर तो परत उघडायचा. तिघंही जवळपास सारखे आहेत. काका दार वायरनं बांधतात. कडी बसवायची राहिलीच, असं दारालाच म्हणतात.

पुढच्या एका फार्महाऊसच्या गच्चीवर दोन पोरं सोलर जोडतायत. इथली तार लहान, ४ स्क्वेअर, तांब्याची. हातातलं टूल पकडीएवढं, पण त्याला रॅचेट. पुरतं दाबल्याशिवाय उघडतच नाही. गच्ची इतकी तापलीय की पोरांनी गुडघ्याखाली पोतं घेतलंय. पॅनेल बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर त्यात व्होल्टेज आहे. पंख्याच्या वायरीतली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळं ठिणगी विझायला वाव मिळतो. सोलरची डीसी शून्यावर येतच नाही. ढिल्या पिनमध्ये आर्क एकदा धरला की जळतच राहतो. एका पोरानं कनेक्टरचा नर एका कंपनीचा आणि मादी दुसरीची जोडलीय. खटका बसलाय, दिसायला फिट आहे. दुसरा ते पुन्हा उघडतो. "एकाच मेकचं घे." मालक खालून चहाला हाक मारतो. कुणी उठत नाही.

दुपारची खोपोली लोकल कर्जतहून सुटते ती जवळपास रिकामी. शेजारच्या फलाटावर पुण्याची गाडी उभी, मागं घाट चढवायची इंजिनं लागतायत; ३७ला एकचा चढ आहे पुढं. आमची गाडी घाटाखालूनच वळते. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. खिडकीतून वारा नव्हे, वाफ.

खोपोलीत डोंगरावरून उतरलेले पाण्याचे नळ लांबून दिसतात. वळवण, लोणावळा आणि शिरवट्याचं पाणी पाचशे मीटर खाली पडून इथं १९१५ पासून वीज होते. आता गाव कारखान्यांचं आहे. एका गल्लीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवायची शेड. पत्र्याचं छप्पर, चार पंखे. पंखे गरम हवा एकीकडून दुसरीकडं ढकलतायत. लांब टेबलाला खालापूर तालुक्यातल्या गावांतून आलेल्या मुली. प्रत्येकीपुढं दीड आणि अडीच स्क्वेअरच्या तारांचे जुडगे. सोल, घाल, दाब, ओढ. एका पॅनेलमध्ये अशी शेकडो टोकं. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. कुणाच्यातरी बहिणीच्या हळदीचा विषय चाललाय.

नवी मुलगी सोललेल्या तारांना सोल्डर पाजून आणते. नीटस दिसतं म्हणून. सुपरवायझर ताई टोकं कापून टाकते. "सोल्डर दाबाखाली सरकतं गं. आज घट्ट, सहा महिन्यांनी ढिलं. तार कोरडीच दाबायची."

शेडच्या दुसऱ्या टोकाला मोठं काम. १२० स्क्वेअरची तांब्याची केबल, इलेक्ट्रिक पंपावरचं टूल. नमुन्याचा एक लग व्हाइसमध्ये धरून मधोमध करवतीनं कापलाय, छेद पॉलिश पेपरवर घासलाय. ताई भिंग लावून बघते. चांगल्या छेदात तारांमधल्या काळ्या फटी दिसत नाहीत. सगळं एकसंध लाल, बाहेर नळीची कड तेवढी ओळखू येते. हा ठीक आहे. पण त्याच पाळीत, डाय बदलल्यानंतर झालेल्या लगच्या सपाट बाजूंवर ती मायक्रोमीटर धरते, आणि परत धरते.

"डाय कुठला लावलाय?"

पोरगा टूलच्या डोक्यात वाकून बघतो. वरचा अर्धा १२०चा आहे, खालचा १५०चा.

"किती केले?"

"सहा."

सहाही कापायचे. दाबलेला लग सोलून परत वापरता येत नाही. तारेचं टोक त्याच्यासकट जातं. पोरगा केबल कटर आणतो. कापलेले तुकडे भंगाराच्या डब्यात पडतात, तांबं म्हणून वेगळ्या. उरलेली केबल तो पॅनेलच्या पट्टीकडं ओढून बघतो. तीन पोचतात. तीन अडीच-तीन इंच कमी पडतात. ओढून-ताणून बसतील की काय, म्हणून तो ताईकडं बघतो. ताईनं आधीच ड्रमवाल्याला हाक मारलीय. ड्रम शेडच्या दारातून आत लोटत आणला जातो, मुली खुर्च्या मागं घेतात, आणि कुणीतरी मापाची टेप शोधायला लागतं.